एकदाच विचारणारा देश

एका राज्यात अशी रीत होती, की पहिल्यांदा विचारल्यावर कुणी हो म्हणायचं नाही. पाणी देऊ का? नको. बसता का घटकाभर? नको, उभाच बरा. जेवूनच जा आता. छे छे, आत्ताच तर जेवून आलो! मग यजमानानं दुसऱ्यांदा विचारावं, पाहुण्यानं मान खाली घालून पुन्हा नको म्हणावं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, तुमचा एवढा आग्रह आहे तर" असं पुटपुटत पाटावर बसावं आणि तड लागेस्तोवर जेवावं. राजापासून रंकापर्यंत सगळ्यांचं हेच. जो पहिल्या खेपेलाच हो म्हणे, त्याला लोक अधाशी म्हणत, आणि अधाशाच्या घरात कुणी मुलगी देत नसे. हसताय काय? तुमच्या घरी काय निराळं चालतं, ते मला ठाऊक आहे.

या राज्याचा राजा होता मणिकंठ. त्याची थोरली लेक मेघावती, धाकटा लेक उदयभान. उदयभान गुणाचा पोर, पण सभ्यपणा असा की काय सांगू! भर उन्हात डोक्यावर छत्र धरू का म्हणून विचारलं, तर दोनदा नको म्हणे आणि तोवर घामानं निथळून जाई. त्याला समुद्रापलीकडचे मुलूख पाहायची भारी हौस. एके साली त्यानं गलबत सजवलं, शिडावर सोनेरी सूर्य रंगवून घेतला, आणि मावळतीच्या दिशेनं निघाला. तो गेला तो गेलाच. एक पावसाळा सरला, दुसरा सरला, ना माणूस आला ना निरोप. राजा सज्जात बसून समुद्राकडे बघत राही. राणी कुणाशी बोलेनाशी झाली.

मेघावती उठली आणि बापापुढे उभी राहिली. "बाबा, मी जाते. उदयला घेऊन येते."

"एक गेला. आता तूही?"

"तो आला नाही तर तुम्ही आणि आई उरत नाही. मग मी मागं राहून करू काय?"

राजानं राज्यातलं सगळ्यात मजबूत गलबत दिलं आणि त्यावर तांडेल म्हणून धर्माजीला नेमलं. तांडेल म्हणजे गलबताचा कारभारी. त्याच्या शब्दावर शीड चढतं आणि उतरतं. धर्माजीची मिशी पांढरी होती, पण वारा ओळखण्यात त्याचा हात धरणारा त्या किनाऱ्यावर नव्हता. तोही रीतीचा माणूस. नेमणुकीला त्यानं दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा आनंदानं रडला.

निघाले. समुद्रानं त्यांना हलवलं, भिजवलं, उलट्या काढायला लावल्या. मोठमोठे मासे गलबताशी गप्पा मारून गेले. एकदा एक ढग खाली उतरून वाट विचारून गेला. धर्माजीनं त्याला वाट सांगितली आणि तो शहाण्यासारखा निघून गेला.

मग एका सकाळी पाण्याचा रंग पालटला. काळंनिळं पाणी हिरवं झालं, वाऱ्यावर चुलीच्या धुराचा वास आला, आणि डोलकाठीवर चढलेला खलाशी ओरडला, "जमीन! जमीन दिसतेय हो!" मेघावती नाळेवर, गलबताच्या पुढच्या टोकाला, धावली. समोर डोंगरांची निळी ओळ, तिच्याखाली माडांची राई, राईखाली पांढऱ्याफेक वाळूची पुळण. धर्माजीनं दोरीला बांधलेला शिशाचा गोळा पाण्यात सोडून तळाचा ठाव घेतला. गोळ्याच्या बुडाला चरबी लावलेली होती, तिला बारीक वाळू चिकटून आली. ती बोटांनी चोळून तो म्हणाला, "तळ चांगला आहे बाईसाहेब. नांगर धरेल."

इतक्यात मेघावतीनं त्याचा दंड गच्च धरला. खाडीच्या तोंडाशी एक गलबत उभं होतं. त्याच्या शिडावर सोनेरी सूर्य होता. यांच्या शिडात भरपूर वारा होता, माड डोलत होते, पण त्या एका गलबताचं शीड वाळत घातलेल्या धोतरासारखं लोंबत होतं. वारा त्याला वळसा घालून जात होता.

"उदय इथंच आहे," मेघावती म्हणाली. खलाशांना गलबतावर ठेवून ती आणि धर्माजी होडीतून किनाऱ्याला गेले.

पुळणीवर पाय ठेवला तर वाळूच डुलते आहे असं वाटलं. फार दिवस समुद्रावर राहिलेल्याचं तसंच होतं. चार पावलं धडपडत टाकली आणि दोघं थांबली. सगळ्या किनाऱ्यावर दगड उभे होते. माणसाएवढे दगड. कुणाच्या डोक्यावर पागोट्याचा घेर, कुणाच्या खांद्यावर उपरण्याच्या चुण्या, कुणाचे दोन्ही हात जोडलेले. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव, "अहो नको, कशाला उगाच त्रास" म्हणणाऱ्या माणसाचा. धर्माजीनं छातीला हात लावला.

एका दगडी पागोट्यावर साळुंकी बसली होती. डोळ्यांभोवती पिवळी कडी, आवाज बाईमाणसाचा. "कुठली गं तू, बये?"

मेघावतीनं आपल्या राज्याचं नाव सांगितलं.

"अगं बाई, माझ्याच किनाऱ्याची!" साळुंकीनं पंख झटकले. "मग तर नीट कान देऊन ऐक. या देशात एकदाच विचारतात. बोललेला शब्द इथं मागं घेता येत नाही. एखाद्या गोष्टीला नको म्हणालीस, की ती गोष्ट तुला जन्मात मिळायची नाही. इथल्या राजानं स्वतः विचारलेलं नको म्हटलं, तर पाहुणा पायांपासून दगड होत जातो. आणि नको म्हटलेली गोष्ट कुणी दुसऱ्यांदा विचारली, तर विचारणाराही दगड होतो. समजलं?"

"माझा भाऊ कुठं आहे?"

"राजवाड्यापाशी. चल, दाखवते. हाताला लागेल ते मोतीपोवळं मात्र उचलू नकोस. इथल्या खजिन्याला हात लागला की सुटत नाही." खरंच, वाळूत मोती शिंपल्यांसारखे पडले होते आणि एकाच्या शेजारी दगडी माणूस अजून वाकलेला होता.

साळुंकी पुढं, माणसं मागं, अशी ती गावात शिरली. गाव देखणं होतं, रस्ते झाडलेले, दारोदारी फुलं. पण बाजारात गलका नव्हता. भाजीवाली एकदाच विचारी, "घेणार?" गिऱ्हाईक हो म्हणे किंवा पुढं जाई. घासाघीस नाही, "घ्या हो ताई, ताजी आहेत" नाही, काही नाही. एका ओट्यावर एक आई लेकराला भरवत होती. लेकरानं तोंड फिरवून "नको" म्हटलं, आणि वाटीतली खीर हवेत विरून गेली. आईचे डोळे भरले, पण ती गप्प राहिली. त्या पोराच्या नशिबी आता खीर नव्हती. मेघावतीला तिथंच रडू आलं. धर्माजी म्हणाला, "बाईसाहेब, असल्या गावात आपली माणसं जगायची कशी?"

"जगत नाहीत," साळुंकी म्हणाली. "किनाऱ्यावर पाहिलंस ना!"

वाटेत तिनं सगळी हकिकत सांगितली. या देशाचा राजा रुद्रकेतू, मोठा मांत्रिक. तरुणपणी तो भलता लाजरा होता. साळुंकीही तेव्हा बाई होती, नाव कनकलता, गलबतातून देश पाहायला आलेली. रुद्रकेतूनं महिनोन्‌महिने धीर गोळा केला आणि शेवटी लालबुंद होऊन तिला विचारलं, माझी राणी होशील का?

"मी म्हटलं, नको." साळुंकीनं चोच खाली घातली. "आता तूच सांग, आपल्याकडची मुलगी पहिल्याच वेळी हो म्हणेल का? मी आपली दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत दारात उभी! आणि हे महाराज काठी आपटून ओरडले, 'या देशात यापुढं कुणी कुणाला दुसऱ्यांदा विचारणार नाही. गेलेला शब्द परत येणार नाही. जिला राणीपण नको, तिला माणूसपणही नको.' झाले मी पक्षी. चार दिवसांनी राग उतरला आणि लागले रडायला. पण उपयोग काय? शब्द परत येत नाही हा कायदा त्यांचाच."

"आणि तो कायदा त्यांनीच मोडला तर?"

"त्यांनी एकदा नको म्हणून मग हो म्हटलं, तर मोडेल. पण दुसऱ्यांदा विचारणार कोण त्यांना? विचारणारा दगड होईल."

मेघावतीनं पदराची गाठ घट्ट केली आणि ती चालत राहिली.

राजवाड्यापुढं पाण्याचा झरा होता, झऱ्याशेजारी सुंदर चौथरा, आणि चौथऱ्याशेजारी उदयभान उभा होता. गळ्यापर्यंत दगड. वरचा चेहरा तेवढा माणसाचा, ओठ सुकून फुटलेले.

"ताई!" तो म्हणाला. "कशाला आलीस गं? म्हणजे, बरं झालं आलीस."

मेघावतीनं त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं. "काय करून बसलास रे?"

"राजानं विचारलं, पाणी हवं? मी म्हटलं नको. आसन हवं? मी म्हटलं नको. परतीचा वारा हवा? त्यालाही..."

"नको म्हणालास."

"आईनं तसंच शिकवलंय ना!" त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ओठाशी येताच ते बाजूला वळून गेलं. "पाणी तोंडाला लागत नाही, बसता येत नाही, वारा गलबताला शिवत नाही. रोज दगड थोडा थोडा वर चढतो. आज ओठांपर्यंत येईल. माझ्या तांडेलाला माझी दया आली. पाणी देऊ का, असं त्यानं पुन्हा विचारलं. हा बघ तो, शेजारी." शेजारचा दगड पूर्ण होता. त्याच्या हातात दगडाचा तांब्या होता.

"आज संध्याकाळी आपण घरी निघायचं," मेघावती म्हणाली. कसं, ते तिलाही अजून माहीत नव्हतं.

राजवाड्याचं दार उघडलं आणि रुद्रकेतू बाहेर आला. उंच माणूस, दाढी पोटापर्यंत, हातात काळी काठी. चेहरा दुष्ट नव्हता. फार वर्षं एकट्यानंच जेवणाऱ्या माणसाचा होता. तो म्हणाला, "नवे पाहुणे. आमच्याकडे तीन गोष्टी विचारतात. पाणी हवं?"

आता बघा, संकट कसलं! मेघावतीची जीभ जन्मापासून एकच शब्द शिकलेली. 'नको' ओठांवर आलाच होता. तिनं जीभ दातांखाली दाबली, इतकी की रक्त आलं, आणि म्हणाली, "हो."

तिचे कान लाजेनं तापले. पहिल्याच खेपेला हो! राजाची लेक! धर्माजीनं मान फिरवली, जणू त्यानं काही ऐकलंच नाही. त्यालाही विचारलं गेलं, तेव्हा बाईसाहेबांच्या चेहऱ्याकडे बघत त्यानं कसाबसा होकार दिला. दोघं पाणी प्यायली. पाणी गार आणि गोड होतं.

"आसन हवं?"

"हो," मेघावती म्हणाली आणि चौथऱ्यावर बसली.

मग राजानं धर्माजीला विचारलं. आणि धर्माजी, वारे ओळखणारा, समुद्र कोळून प्यालेला धर्माजी, चटकन म्हणाला, "छे छे! बाईसाहेबांच्या बरोबरीनं मी बसू? नको, मी आपला उभाच..."

"काका!" मेघावती किंचाळली. पण गेला तो शब्द गेला. धर्माजीचे पाय घोट्यापर्यंत दगड झाले, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. तो खाली बघत म्हणाला, "माझं मेल्याचं तोंड! आता गलबत कोण हाकणार?"

रुद्रकेतूनं त्याच्याकडे पाहून हळूच मान हलवली. त्याला आनंद झालेला दिसला नाही. तो मेघावतीकडे वळला. "तिसरं. परतीचा वारा हवा?"

मेघावतीनं तोंड उघडलं आणि मिटलं. हो म्हटलं तर या घडीला वारा सुटणार आणि तिला उचलून गलबतावर नेणार, एकटीला. नको म्हटलं तर वारा कायमचा गेला. उदयच्या खालच्या ओठाला दगडाची कड लागत होती. सूर्य माडांच्या शेंड्यांवर आला होता. साळुंकी झाडावरून ओरडली, "उत्तर दे, बये! गप्प राहिलीस तर तेही नकोच धरतात."

मेघावती चौथऱ्यावरून उठली, पदर सावरला आणि दोन्ही हात जोडले. "महाराज, उत्तर देते. पण मी तुमचं पाणी प्याले, तुमच्या आसनावर बसले. आमच्याकडे असं नुसतं खाऊनपिऊन निघत नाहीत. माझं गलबत हे माझं घर आहे. आधी तुम्ही माझ्या घरी जेवायला चला."

रुद्रकेतू चकित झाला. पाहुण्यांना विचारणारा नेहमी तोच. त्याला कधी कुणी काही विचारलंच नव्हतं. क्षणभर त्याची दाढी थरथरली. मग त्यानं काठी सरळ केली. "नको."

झरा वाहायचा थांबला. उदयभाननं डोळे मिटले. त्याला ठाऊक होतं की त्याची ताई आता काय करणार, आणि तिला थांबवायला त्याला ओठ हलवता येत नव्हते.

"अहो, असं कसं?" मेघावती म्हणाली. "चला ना, महाराज. जेवून घ्या."

जमिनीतून गारठा आला आणि तिची पावलं दगड झाली. घोटे, पोटऱ्या, गुडघे. तिला भयंकर भीती वाटली. मी खोटं कशाला सांगू, तिला तेव्हा वाटलं की पळावं. पण पळायला पाय नव्हते आणि समोर भाऊ होता.

रुद्रकेतू दोन पावलं मागं सरला. "पोरी, हे काय करतेस? तुला कायदा ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे. चलताय ना?"

"मला... मला भूक नाही." आवाज राजाचा नव्हता. आतल्या खोलीत रुसून बसलेल्या माणसाचा होता. दार कुणी पुन्हा वाजवतं का, तिकडे त्याचा कान होता.

दगड तिच्या कमरेवरून छातीवर आला. मेघावतीनं उरलेला श्वास गोळा केला. "गरम भात टाकायला सांगते. वरण आहे, लिंबाची फोड आहे, पापड भाजते. रोज एकटे जेवता, आज आमच्यात जेवा. तुम्ही आला नाहीत तर आमच्याही घशाखाली घास उतरायचा नाही. चला हो, महा..."

दगड तिच्या ओठांवरून गेला. तिचे डोळे तेवढे राहिले, तेही त्याच्याकडेच लागलेले.

सगळीकडे सामसूम. बाजारातली माणसं अंगणाच्या कडेला येऊन उभी होती. ओट्यावरची ती आई लेकराला छातीशी धरून उभी होती. रुद्रकेतूनं मेघावतीच्या दगडी जोडलेल्या हातांकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग खाली मान घालून, कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात त्यानं विचारलं, "भातावर तूप असेल?"

आता उत्तर कोण देणार? मेघावतीचं तोंड दगड, उदयभानचं तोंड दगड. तेव्हा कमरेपर्यंत दगड झालेला आमचा धर्माजी खच्चून ओरडला, "आहे महाराज! बरणीभर आहे! साजूक!"

"मग येतो," रुद्रकेतू म्हणाला. "हो. येतो मी."

राजानं स्वतःचा नको मागं घेतला. काठी मधोमध मोडली. झरा भसकन वाहू लागला. मेघावतीच्या ओठांवरून दगड ओसरला, गळ्यावरून, छातीवरून, पायांवरून, आणि ती धपकन खाली बसली. उदयभान तिच्या शेजारी कोसळला आणि सरपटत झऱ्याशी गेला. तो ओंजळीनं प्यायला, मग तोंड बुडवून प्यायला, मग सगळं डोकंच पाण्यात घातलं. त्याच्या तांडेलाचा तांब्या हातातून निसटून ठणठणत गेला. आणि खाली किनाऱ्यावरून एक आवाज आला, शेकडो माणसांचा एकदम आलेला: "हुश्श!" इतकी वर्षं उभे राहिलेले सगळे सभ्य पाहुणे जागच्या जागी वाळूत बसले होते. कुणी पाय चोळत होतं, कुणी उताणं पडून आभाळाकडे बघत हसत होतं. वाकलेल्या माणसाच्या हातातून मोती सुटला आणि त्यानं तो समुद्रात भिरकावून दिला.

उदयभाननं ताईच्या मांडीवर ओलं डोकं ठेवलं. "ताई, तू दगड झालीस ना, तेव्हा मला..." ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. तिच्या जिवात जीव आला होता आणि आता तिला थांबवता येणार नाही असं रडू फुटलं होतं. जवळच धर्माजी कुणी न विचारता चौथऱ्यावर बसला आणि पाय हलवून बघू लागला.

ओट्यावरच्या आईनं लेकराला पुन्हा विचारलं, "खीर खातोस का रे?" विचारताना तिचा आवाज कापत होता. "नको," पोरगं म्हणालं. "अरे, एक घास!" आणि पोरानं तोंड उघडलं. बाजारात तेवढ्यात कुणीतरी वांग्यांवरून घासाघीस सुरू केली, आणि भाजीवालीच्या आवाजानं पुरा गाव दणाणला.

झाडाखाली साळुंकीच्या जागी एक बाई उभी होती. केस पांढरे, पाठ ताठ, डोळे तेच. रुद्रकेतूची मोडकी काठी हातातून पडली. तो पुन्हा लालबुंद झाला. पांढऱ्या दाढीत ते जरा विचित्र दिसलं. तिच्यापुढं जाऊन त्यानं विचारलं, "कनकलते, माझी राणी होशील?"

"नको," कनकलता म्हणाली.

रुद्रकेतूचा चेहरा पडला. तो वळायला लागला. तेव्हा मेघावती डोळे पुसत ओरडली, "अहो महाराज! परत विचारा ना!"

"हां. हो. खरंच की." तो पुन्हा वळला. "होशील का गं?"

"इतकी वर्षं मला किडे खायला लावलेत," कनकलता म्हणाली. "अशी बरी हो म्हणेन? उद्या विचारा."

"उद्या विचारू? म्हणजे विचारू ना?" तो हसला. हसायची सवय मोडली होती म्हणून आधी खोकल्यासारखा आवाज आला, मग नीट हसला.

त्या संध्याकाळी सगळे गलबतावर जेवले. मेघावतीनं स्वतः वाढलं. रुद्रकेतूनं भात चारदा घेतला, तूप किती घेतलं ते विचारू नका. धर्माजी प्रत्येक वेळी "महाराज, अजून थोडं?" म्हणे आणि महाराज पहिल्या खेपेलाच ताट पुढं करत. पानावरून उठल्यावर रुद्रकेतूनं मेघावतीला विचारलं, "आता सांग. परतीचा वारा हवा?"

"हवा. दोन्ही गलबतांना."

"आणि किनाऱ्यावरच्या सगळ्यांना त्यांच्या त्यांच्या घरी सोडायला गलबतं मी देतो," तो म्हणाला आणि त्यानं दिलीही. उदयभानच्या शिडात वारा शिरला तेव्हा सोनेरी सूर्य असा फुगला, की खलाशांनी टाळ्या पिटल्या. मागाहून आलेले व्यापारी सांगत, की रुद्रकेतू रोज सकाळी कनकलतेच्या दारात जाऊन विचारत असे, आणि एके सकाळी तिचं उत्तर येण्याआधीच नगारे वाजले, कारण तिनं दार उघडलं तेव्हा तिच्या हातात वरमाला होती.

परतीचा समुद्र शांत होता. उदयभान सगळ्या प्रवासात बसून राहिला. कंटाळा आला की जागा बदलून बसे. घरचा किनारा दिसला, नांगर पडले, तोवर धक्क्यावर अख्खं गाव लोटलं होतं. राजा पाण्यात गुडघ्यापर्यंत शिरला होता. राणी त्याच्या मागं उभी होती. उदयभान होडीतून उतरला. राणीनं त्याचे हात चाचपले, दंड चाचपले, चेहरा चाचपला. तिला खूप काही विचारायचं होतं, पण ओठ नुसते हलत होते, शब्द फुटत नव्हता.

उदयभाननं तिची वाट पाहिली नाही. "आई," तो म्हणाला, भर गावासमोर, लहान पोरासारखा, "मला भूक लागलीय."

त्या राज्यात असं न विचारता कुणी कधी बोललं नव्हतं. कुणीही त्याला अधाशी म्हटलं नाही. राणी रडली, हसली, आणि त्याच्या मनगटाला धरून त्याला ओढतच घराकडे घेऊन गेली. मागून मेघावती आली, तिच्या मागून राजा, ओल्या धोतरानं.

जसा त्या माउलीचा लेक किनाऱ्याला लागला, तसा ज्याचं कुणाचं माणूस समुद्रावर असेल, त्याचंही लागो. आणि आल्यावर त्याला पोटभर जेवायला मिळो.